लिलीची लोकर

कारखान्याची कॉलनी,
गुरुवार, दुपार

प्रिय आक्का,

तुज्या पायावर डोकं ठेवते. अक्षर बघून तुला कळलंच असंल कुनाचं पत्र हाय. फाडू नको, आदी समदं वाच. दोन वर्सात म्या तुला चार ओळी धाडल्या न्हाईत, अन् आज येवढे कागद आले म्हनल्यावर तू वाईटच धरून बसशील, म्हनून पयलं हेच सांगते की कडू चांगली हाय. कडू म्हंजे माजी पोरगी. कार्तिकात झाली, तुला कुनी ना कुनी सांगितलंच असंल. कडूबाई नाव ठेवलं. गोड नाव ठिवायची हिंमत झाली न्हाय. आत्ता माज्याजवळ फरशीवर निजलीय, अन् म्या दोन ओळी लिहिते की तिच्या नाकापुढं बोट धरून बघते. हितली सैपाकीन तुळजाबाई मला हासती. म्हनती, अगं बघून बघून लेकराचा श्वास संपवशील. हासूदे. माजा हात र्‍हात न्हाय.

म्या हितं इंजिनियरसाहेबाच्या बंगल्यामागच्या खोलीत र्‍हाते. पोरीचा बाप संक्रांतीच्या पुढं मेंढरं घेऊन भीमेच्या अंगाला गेला, मामंजीसंगं. गावाकडं हिरव्याचं नाव न्हाय. हिरीला खडक लागला, टँकर तीन दिसाला येतो, अन् तो आला की बाया येकमेकीच्या झिंज्या धरत्यात. जाताना तो म्हनला, पोर घेऊन मेंढरामागं नको हिंडू, ऊन लई हाय, कुठंतरी सावलीला र्‍हा. सावली कुठं, ते काय सांगितलं न्हाय. त्याला पत्र धाडावं तर पत्ता न्हाय. मेंढराला कुठला आला पत्ता? आपल्या गावचे पिराजीमामा हितं बंगल्यात माळीकाम करत्यात. त्यांनीच बाईसाहेबांना सांगितलं, की माजी भाची लागती, हाताची साफ हाय, लेकुरवाळी हाय, पडू द्या मागच्या खोलीत. तशी म्या हितं आले. खोलीला सिमेटचं छत हाय आक्का, पत्रा न्हाय. पुढं लिंब हाय. नळाला सकाळी तासभर पानी येतं. म्या पयल्या दिवशी त्या छताकडं बघितलं अन् ठरवलं, मिरग निघंस्तवर ही खोली सोडायची न्हाय, काय बी होऊ दे. कडूचा येक उन्हाळा हितं निघाला की जिंकलं.

काम काय, तर कुत्रं सांभाळायचं. हास. समदे हासत्यात. पामेरियन म्हनत्यात त्या जातीला. बाईसाहेबांनी पुन्याहून आनलंय, नाव लिली. सशायेवढं, पांढरं धोट, अन् केस असे की आत जीव कुठंय ते चाचपावं लागतं. तुळजाबाई त्याला पिंजलेला कापूस म्हनती. आपल्या मेंढरामागचा कुत्रा तुला आठवतो का, गळ्यात खिळ्याचा पट्टा घालून लांडग्यावर जायाचा? त्याच्या एका घासाचं ह्ये. पयल्या दिवशी म्या पिराजीमामांना म्हनलं, मामा, ह्याला राखायचं का ह्यानं आपल्याला? ते म्हनले, पोरी, ह्ये राखायचं कुत्रं न्हाय, ह्ये बगायचं कुत्रं.

पन बगायच्या कुत्र्याचं किती असतं बघ. येरवाळी उटून डोळे ओल्या कापसानं पुसायचे, न्हायतर पानी गळून गळून नाकाशेजारी तांबडे वघळ पडत्यात. मग ब्रश. केसात गाठ झाली की कातडी ओढती अन् ते केकाटतं, म्हनून आदी बोटानं गाठ सोडवायची, मग ब्रश. दुधात पोळी कुस्करून द्यायची, आयतवारी उकडलेलं अंडं. हाड द्यायचं न्हाय, दात बारीक. बाजेवरनं उडी मारू द्यायची न्हाय, पाय काडीसारखे, मागं एकदा मोडला होता. बाईसाहेबांनी ह्ये समदं कागदावर लिहून भितीला चिकटवलंय. अन् आयतवारी आंगुळ, दोन बादल्या पान्यानं, लहान पोराच्या साबनानं. आक्का, पयल्या आयतवारी ते पानी वतताना म्या तांब्या मधेच खाली ठिवला. गावाकडं पोरीबाळी घागरीपायी उन्हात बसत्यात अन् म्या कुत्र्याला दोन बादल्या वतायले. मग म्या युक्ती काढली. परातीत उभं करून आंगुळ घालायची अन् तेच पानी कडूच्या दुपट्याला वापरायचं, उरलं की पिराजीमामाच्या गुलाबाला. बाईसाहेबांनी बघितलं, चालू दिलं. वाईट न्हाईत त्या. कडूला त्यांनी दोन झबली दिली.

अन् खरं सांगते, माजा त्या जनावरावर जीव बसला. दिसभर मागं मागं करतं. कडूच्या झोळीखाली जाऊन पडतं. पोर हालली की कान वर, रडली की माज्याकडं पळत येतं अन् पदर ओढतं. रातच्याला म्या कडूसाठी दहा येळा जागी होते, तर ह्ये आपलं डोळे उघडे ठेवून माज्याआदी जागं. म्या तुळजाबाईला म्हनलं, ह्या बंगल्यात माज्यासारखं भितरं दुसरं ह्येच हाय. झाडाचं पान पडलं तरी थरथरतं. दोगी मिळून आमी भीत बसतो. थांब, कडूनं कूस बदलली.

न्हाय, काय न्हाय. निजलीय.

चैत संपायच्या सुमाराला बाईसाहेब पुन्याला गेल्या, त्यांच्या आईचं आपरेशन होतं. तीन हप्ते. जाताना लिलीला माज्या हातात दिली अन् म्हनल्या, बानू, तुझ्या मुलीसारखी बघ. म्या व्हय म्हनलं. साहेब बंगल्यातच होते, पन त्यांना कुत्र्याचं काय कळत न्हाय, ते हापिसातनं येत्यात, जेवत्यात, पेपर वाचत्यात. पयला हप्ता बरा गेला. मग कॉलनीची लाईट गेली. कायतरी जळलं म्हनले. चार दिस आली न्हाय. पंखा बंद. अन् ते चार दिस असं ऊन पडलं, आक्का, की लिंबाखाली कावळे चोच उघडी टाकून बसले. कडूला म्या उघडीच ठिवली, वल्या पंच्यानं पुसत र्‍हायले. पन लिली. ती न्हानीत जाऊन वल्या फरशीला पोट लावून पडली. जीभ हातभर भायेर, अन् धाप अशी की समदं अंग हालायलं. दुधाला तोंड लावंना. तिसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर जीभ जांबळी.

आमी तिघं मागच्या वट्यावर होतो. तुळजाबाई म्हनली, येवढं लोकरीचं गाठुडं अंगावर घेऊन फिरती, उकडंल न्हाय तर काय. अन् पिराजीमामा बिडी वढत म्हनले, बानू, तू धनगराची लेक ना गं? मग कातर की. घोंगडी झाली तर मला द्ये. ते दोगं हासले. म्या हासले न्हाय. मला दुसरंच दिसायला लागलं होतं. मला पत्रा दिसला, अन् त्याच्याखालचं लोकरीचं गाठुडं. म्या उटले, खोलीत गेले. पोरीच्या बापानं जाताना जुनी कातर माज्या बोचक्यात ठिवली होती, ती काढली अन् दगडावर धार लावली. तुळजाबाई आत सैपाकाला गेली होती, मामा पानी द्यायला गेले होते. कुनी बघायला न्हवतं.

बाबा कातरायचे तसंच कातरलं. चारी पाय वटीत धरून, आदी पोट, मग बगला, मग पाठ, कातडी डाव्या हातानं ताणून, येक सुदिक चिर पडू न देता. लिली गप पडून र्‍हायली. येवढी भितरी, पन माज्या हातात हालली न्हाय. कातरून झालं तवा फरशीवर केसाचा ढीग, अन् माज्या म्होरं उंदरासारखं येक गुलाबी कायतरी उभं. पन आक्का, तिनं अंग झटकलं, पानी पिली, अन् सांच्याला दूधपोळी खाल्ली! मला येवढा आनंद झाला म्हनून सांगू. वाटलं, येक जीव वाचवला म्या. मेंढरू कातरलं की कसं हलकं होऊन उड्या मारतं, तशी ती दोन दिस अंगनात पळली, भर उन्हात पळली, अन् म्या खुशाल बघत बसले.

तिसऱ्या दिवशी तिच्या पाठीवर लाल चट्टे उटले, मग फोड. बाजेखाली जाऊन बसली ती निघंना. कडू रडली तरी येईना. म्या पदरात गुंडाळून तिला ढोरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर ढोरांच्या चारा छावनीवर गेले होते, त्यांच्या हाताखालचा कल्याणप्पा होता. त्यानं बघितलं अन् डोक्याला हात लावला. म्हनला, कुनी केलं गं ह्ये? म्या म्हनलं, उकडत होतं तिला. तो म्हनला, बाई, ह्ये मेंढरू न्हाय. ह्या जातीला दोन थर असत्यात, वरचे लांब अन् आतले मऊ. ते नुसते थंडीला न्हाईत, उन्हाला सुदिक आडोसा हाईत. तू तिचं छप्पर काढून घेतलंस. म्या इचारलं, परत येतील का? म्हनला, येतील बी, न्हाई बी. काहींना वरसभर येत न्हाईत, आले तर ठिगळ ठिगळ येत्यात. मलम दिलं, खोबऱ्याचं तेल लाव म्हनला, उन्हात सोडू नको. मग तो हळूच म्हनला, कुनाचं हाय? म्या साहेबाचं नाव सांगितलं. त्यानं मलमाची आनिक येक डबी दिली.

तवापास्नं म्या दिस मोजत बसले. फोडाला मलम लावायचं, चमच्यानं दूध पाजायचं, वल्या सुती फडक्यावर निजवायचं, अन् अंगावर हात फिरवून बघायचं, कुठं केसाचं खुट तरी लागतंय का. आईच्यान, म्या देवाला नवस बोलले, कुत्र्याच्या केसापायी. तुळजाबाई म्हनली, सांग की खाज झाली, केस झडले. मामा म्हनले, जे हाय ते सांग, बाई समंजस हाईत. म्या म्हनलं, सांगते. अन् मनात त्या सिमेटच्या छताकडं बघत होते.

सोमवारी बाईसाहेब आल्या. जीपमधनं उतरल्याबरुबर हाक मारली, लिली! अन् ती बाजेखालनं निघाली, आक्का. आठ दिस निघाली न्हवती, ती निघाली, फोडं घेऊन लंगडत पायरीपतूर गेली अन् येवढंसं उघडं शेपूट हालवलं. बाईसाहेबांनी वळखलंच न्हाय. मग वळखलं अन् पायरीवरच बसल्या. पुन्याची बाई, पिशवी अजून खांद्याला, कुत्र्याला वटीत घेऊन लहान पोरासारखी रडली. साहेब भायेर आले. ते म्हनले, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? म्या तोंड उघडलं. पन तुळजाबाई माज्याआदी बोलली. तिला वाटलं माजं चांगलं करावं. म्हनली, पिराजी म्हनला तिला कातर म्हून, म्या ह्या कानानं ऐकलं, पोर बिचारी खुळी, तिनं ऐकलं. साहेबांनी माज्याकडं बघितलं. खरं का हे, बानू? कडू माज्या कडंवर होती, तिनं माजा गळा धरला होता. अन् म्या मान हालवली.

आक्का, म्या मान हालवली. व्हय अशी.

पिराजीमामा गुलाबापाशी झारी घेऊन उभे होते. त्यांनी झारी खाली ठिवली, टोपी काढली अन् म्हनले, व्हय साहेब, म्हनलो म्या. येवढंच. चेष्टा होती म्हनले न्हाईत. साहेब म्हनले, या वयात कळायला हवं होतं, उद्यापासून बंगल्याकडे फिरकू नका. मामांनी झारीतलं उरलेलं पानी येका गुलाबाच्या बुडात वतलं अन् गेले.

सांच्याला म्या त्यांच्या खोपीवर गेले. ते बोचकं बांदायले होते. म्या म्हनलं, मामा, तुमी का सांगितलं न्हाय? ते म्हनले, सांगून काय, तुला काडली असती. माजी हाडं कुठंबी पडतील, त्या बोळक्या तोंडाच्या लेकराला सावली पायजे. अन् कातर म्हनलो ते तर खरंच की. मग हासले. म्हनले, घोंगडी मातर दिली न्हाईस. म्या तिथंच खाली बसले. मला त्यांचं तोंड दिसंना, आक्का. मला तुजं तोंड दिसायला लागलं. तसंच होतं ते. तसंच खाली बघनारं अन् कायबी न बोलनारं.

मंगळवार गेला. खोली मिळाली होती, छत जाग्यावर होतं. म्या त्याच्याखाली बसायची अन् मला ते डोक्यावर आल्यासारकं व्हायचं. काल सकाळी नळाचं पानी भरलं, कडूला न्हाऊ घातलं अन् तिला घेऊन सरळ बंगल्यात गेले. साहेब चहा पीत होते, बाईसाहेब लिलीला तेल लावत होत्या. म्या म्हनलं, पिराजीमामांनी चेष्टा केली होती. ते तिथं न्हवते सुदिक. कातर माजी, हात माजा, डोकं बी माजंच. बाईसाहेबांनी वर बघितलं. म्हनल्या, मग परवा का नाही बोललीस? म्या म्हनलं, खोलीपायी. त्यांनी तेलाची वाटी खाली ठिवली. मग म्हनल्या, केसांचं मी विसरले असते, बानू. पण एका म्हाताऱ्या माणसाची भाकरी तू दोन दिवस काढून घेतलीस. त्या बरुबर बोलल्या. साहेबांनी पिराजीमामांना बोलवायला मानूस धाडला, अन् मला आयतवारपर्यंत दुसरीकडे सोय बघ म्हनले. मामा आलेत परत. माज्यावर रागावलेत, म्हनत्यात, खुळे, कशाला बोललीस, पुढं कुठं जाशील त्या लेकराला घेऊन? बाईसाहेबांनी लिलीला जुन्या साडीचं झबलं शिवून घातलंय. फोडं वाळलीत. मानंपाशी पावडर टाकल्यागत कायतरी पांढरं दिसतंय, ते केस हाईत का कातडी निघालीय ते अजून कळत न्हाय. आत्ता माज्या दाराला नखं घासायलीय. म्या दार उघडत न्हाय. तिला सवय लागू नये म्हनून.

आता ज्यापायी लिहायला बसले ते लिहिते. समद्या माकणीत म्हंजे तुज्या सासरी, आपल्या माहेरात, बाजारात भेटनाऱ्या बाया सुदिक येकच म्हनत्यात, की मावशीनं, म्हंजे तू, घोंगडीत गुंडाळून तापलेलं लेकरू पत्र्याखाली ठिवलं अन् माजा थोरला मच्छू गेला. तुज्या सासू धुरपदाबाई तर तुला पोरं धरू देत न्हाईत म्हनं, शेजारचं बी. हे मला कळलं होतं, आक्का, अन् म्या गप बसले. म्या तवा कालव्याच्या कामापायी तुज्याकडं उतरले होते. त्या दिवशी येरवाळी मच्छूचं अंग तापलं होतं. कालव्यावर मुकादम हजेरी मांडत होता, म्या घाईत होते. तू म्हनलीस, बानू, पत्र्याखाली आग हाय, लेकराला उघडं ठिवते, लिंबाला झोळी बांदते. अन् म्या म्हनलं, न्हाय, वारं लागंल. बाबांची घोंगडी म्याच काढली, म्याच त्याला गुंडाळलं, अन् जाताना उंबऱ्यातनं तुला बजावलं, की घाम फुटंस्तवर काढायची न्हाय. तू माजं ऐकलंस. निस्तं माजं ऐकलंस. दुपारी म्या पळत आले तवा बाया जमल्या होत्या, धुरपदाबाई म्हनल्या, कुनी गुंडाळलं गं येवढं? अन् म्या तुज्याकडं हात केला. तू माज्याकडं बघितलंस, मग खाली बघितलंस. दोन वर्सं झाली, तू कुनाला सांगितलं न्हाईस. म्हनून ह्ये पत्र तू येकटी वाचू नको. दाजींना वाचायला लाव, मोठ्यानं, धुरपदाबाईंच्या म्होरं, शेजारपाजाऱ्यांना बी बोलाव. नाव माजंच घ्या. पत्र उद्याच्या एस्टीच्या कंडक्टरच्या हाती धाडते, आयतवारी दुपारच्या एस्टीनं म्या माकणीच्या फाट्यावर उतरते. कालव्याचं काम अजून चालू हाय म्हनत्यात, मला तिथं जावं लागंल, अन् कडूला तुज्याबिगर दुसऱ्या कुनाच्या हातात द्यायला माजं मन घेत न्हाय. तू फाट्यावर न्हाय आलीस तर म्या समजेन, रागावनार न्हाय, हाय त्या गाडीनं फुडं जाईन. पन आलीस तर पोर तुज्या वटीत देते. तुला बरं वाटंल तसं ठिव. ह्या खेपेला म्या काय बजावनार न्हाय.

तुजीच,
बानू